नुसतं फिरणं पुरेसं नाही: वयस्क स्त्रियांसाठी तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम

रोज फिरायला जाते, मग आणखी व्यायाम कशाला, असं अनेकींना वाटतं. फिरणं चांगलंच, पण तेवढ्यानं पडणं टळतं असं दिसलेलं नाही. पडण्यापासून वाचवतो तो तोलाची परीक्षा पाहणारा आणि पायांत ताकद आणणारा व्यायाम. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या अशा कार्यक्रमाची १९९७ साली प्रसिद्ध झालेली चाचणी ८० वर्षं आणि त्यापुढच्या स्त्रियांवरच झाली होती, आणि त्यांचं पडणं कमी झालं. फिनलंडमध्ये ७० ते ८० वयाच्या स्त्रियांनी दोन वर्षं व्यायाम केला. तिथे पडण्याची संख्या घटली नाही, पण उपचार घ्यावे लागतील अशा दुखापती निम्म्याहून कमी झाल्या.

वर्षभरात हाड मोडलं असेल, उठताना भोवळ येत असेल किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

भिंतीला टेकवलेली, चाकं नसलेली खुर्ची आणि आधाराला न हलणारा ओटा किंवा जड टेबल हवं. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून व्यायाम करू नका. सुरुवातीला पाच मिनिटं जागच्या जागी पावलं टाका, घोटे फिरवा.

पहिला व्यायाम खुर्चीतून उठण्याचा. पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्या, कमरेतून पुढे झुका आणि हात न टेकता उभ्या राहा. बसताना मनात तीन आकडे मोजत हळू बसा. असं दहा वेळा. धपकन बसलं की मांडीला काम उरत नाही आणि मणक्याला हिसका बसतो. उठताच येत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवून बैठक उंच करा.

मग घोट्याला वजनाची पट्टी बांधा. आठ-दहा वेळांत पाय दमेल एवढंच वजन घ्या. अनेकींना एक किलोही पुरतं. खुर्चीत बसून गुडघा सरळ करा: वर नेताना दोन-तीन सेकंद, खाली आणताना चार-पाच. नंतर ओट्याला धरून उभ्या राहा आणि पाय बाजूला उचला. इथे हमखास चूक होते. धड दुसऱ्या बाजूला कलतं आणि खुब्याच्या स्नायूला काम उरत नाही. पाय कमी उचलला तरी चालेल, धड सरळच ठेवा. पट्टी काढून टाचा उचलणं आणि चवडे उचलणं, दोन्ही दहा-दहा वेळा. दहाचे दोन फेरे सहज जमू लागले की अर्धा किलो वाढवा.

तोलाच्या व्यायामाला चार पायऱ्या आहेत: पावलं जुळवून उभं राहणं, एक पाऊल अर्धं पुढे, एकाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून, आणि शेवटी एका पायावर. प्रत्येक पायरी १० सेकंद. टाच-बोटं टेकवून १० सेकंद उभं राहता येत नसेल, तर पडण्याचा धोका जास्त आहे असं समजा. आधी दोन्ही हातांचा आधार, मग एका हाताचा, मग बोटांचा, मग नुसतं जवळ उभं राहणं. ओटा घट्ट धरूनच व्यायाम चालू ठेवला तर तोल सुधारत नाही, कारण त्याला सावरायची वेळच येत नाही. थोडं डळमळायला हवं, फक्त हात आधारापाशी असू द्या. पुढे टाचेला बोटं लावत दहा पावलं चाला, दहा बाजूला आणि दहा मागे. नजर समोर, पायांकडे नाही.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, अर्धा-अर्धा तास. बाकीच्या दिवसांपैकी दोन दिवस फिरा. फरक पडायला काही महिने लागतात आणि व्यायाम सुटला की कमावलेलंही जातं. एक-दोन दिवस स्नायू दुखले तर चालतात. सांध्यात कळ, छातीत दुखणं किंवा चक्कर आली तर थांबा. हाडं ठिसूळ असतील तर वाकून पायाची बोटं धरणं आणि कंबर पिळणं टाळा. मणक्याचं हाड दबू शकतं.

जमिनीवरून उठायचंही शिका, पहिल्यांदा कुणाला तरी जवळ ठेवून. कुशीवर वळा, कोपरावर, मग हात-गुडघ्यांवर या, रांगत खुर्चीपाशी जा, दोन्ही हात बैठकीवर ठेवा, जास्त ताकदीचा पाय पुढे घेऊन उठा आणि वळून बसा.