पासाऊ ते व्हिएन्ना: डॅन्यूबकाठचा सायकलप्रवास बेताच्या खर्चात कसा आखावा

परदेशात पहिल्यांदाच सायकलवर फिरायचं असेल, तर जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंतचा डॅन्यूबकाठचा रस्ता निवडावा. अंतर साधारण ३२० किलोमीटर. नदी वाहते त्याच दिशेने जायचं असल्यामुळे चढ जवळजवळ नाहीत, आणि वारा बहुतेक दिवस पश्चिमेचा, म्हणजे पाठीवर. वाटभर ‘युरोवेलो ६’ या युरोपातल्या लांब पल्ल्याच्या सायकलमार्गाच्या पाट्या आहेत आणि गावं फार लांब लांब नाहीत. त्यामुळे वाटाड्या लागत नाही, सामानाची गाडीही लागत नाही. ट्रॅव्हल कंपन्या हीच सहल तयार विकतात. ती स्वतः आखली की पहिली मोठी बचत तिथेच होते.

तारखा आधी ठरवा. एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मेअखेर हा काळ उत्तम. वाटेवरच्या वाखाउ खोऱ्यातल्या जर्दाळूच्या बागा मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला फुलतात, पण तेव्हा थंडी बोचरी असते आणि नदी ओलांडायच्या बऱ्याच छोट्या फेरीबोटी सुरूही झालेल्या नसतात. मे महिन्यात अंधार पडायला साडेआठ-नऊ वाजतात, त्यामुळे उशीर झाला तरी घाई करावी लागत नाही. १२ ते १५ मे या दिवसांना तिथले शेतकरी ‘बर्फाचे संत’ म्हणतात, कारण त्या सुमारास थंडी एकदा परत येते असं ते मानतात. म्हणून मे आहे तरी हातमोजे आणि रेनकोट घ्याच. १ मे आणि ईस्टरनंतर येणारे सण पंचांगासारखे आधीच तपासा. त्या दिवशी दुकानं बंद असतात, आणि जोडून सुट्टी आली की खोल्याही मिळत नाहीत.

मग व्हिसा. इथे एक चूक नेहमी होते. प्रवास जर्मनीत सुरू होतो म्हणून लोक जर्मनीकडे अर्ज करतात. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, नियम असा, की ज्या देशात जास्त रात्री काढणार, अर्ज त्या देशाकडे करायचा. इथे तो देश ऑस्ट्रिया. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आणि त्यावर व्हिसा केंद्राचे पैसे वेगळे. किमान ३०,००० युरोचा प्रवास-आरोग्य विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. आपल्याकडे मे म्हणजे सुट्टीचा हंगाम, मुंबईतल्या भेटीच्या वेळा झपाट्याने भरतात, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीतच उरकून टाका. अर्जात प्रत्येक रात्रीचा मुक्काम दाखवावा लागतो, म्हणून आधी फुकट रद्द करता येतील अशाच खोल्या बुक करा. तंबूत राहायचा बेत असला तरी ‘बघू तिथे गेल्यावर’ हे कागदावर चालत नाही.

विमानाचे दोन पर्याय ताडून पाहा: म्युनिकला उतरून व्हिएन्नाहून परत, किंवा जाऊन-येऊन व्हिएन्ना आणि तिथून पासाऊला रेल्वे. म्युनिकला उतरलात तर ‘बायर्न-तिकीट’ काढा. एका दिवसाचं हे तिकीट बव्हेरिया या जर्मन राज्यातल्या प्रादेशिक गाड्यांना चालतं आणि गटात माणशी स्वस्त पडतं. मात्र कामाच्या दिवशी ते सकाळी ९ नंतरच लागू होतं आणि आयसीईसारख्या जलद गाड्यांना चालत नाही.

सायकल भाड्याने घ्या. स्वतःची सायकल न्यायचा मोह आवरा. विमानात खोक्याचे जातानाही पैसे आणि येतानाही, आणि प्रवास एका गावी सुरू होऊन दुसऱ्या गावी संपतो, तेव्हा रिकामं खोकं ठेवायचं कुठे? पासाऊत घेऊन व्हिएन्नात सोडता येईल अशी सायकल देणारे दुकानदार आहेत. त्यांना ईमेलवर उंची कळवून आरक्षण करा. सोडण्याचे पैसे, पिशव्या, कुलूप आणि पंक्चरचं सामान भाड्यात धरलंय का, हे एकेक करून विचारा.

घरून फक्त आपलं सीट न्या. सरावाचं सीट हे आठवडाभराच्या सुखाचं अर्धं कारण असतं, आणि ते जवळपास कुठल्याही सायकलला बसतं. सोबत ५ आणि ६ मिलिमीटरची ॲलन की, पॅड असलेल्या दोन चड्ड्या आणि जांघेला लावायला पेट्रोलियम जेली. ॲलन की केबिनच्या पिशवीत न ठेवता चेक-इनच्या सामानात टाका. पॉवर बँक मात्र केबिनमध्येच लागते.

दुकानातून निघण्याआधी अर्धा तास काढा. टाच पेडलवर ठेवा, पेडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग ब्रेक बघा. आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो, तिथे डाव्या. सवयीने डावा जोरात दाबला, तर सामान लादलेली सायकल पुढच्या चाकावर थबकते आणि माणूस हॅंडलवरून जातो. काही भाड्याच्या सायकलींना मागचा ब्रेक पेडलमध्येच असतो: पेडल उलटं फिरवलं की चाक थांबतं. सिग्नलला पाय सारखा करायला आपण नकळत पेडल मागे फिरवतो आणि तोल जातो, म्हणून गल्लीत चार फेऱ्या मारून सवय करा. ट्यूबचा व्हॉल्व्ह कोणता आहे ते पाहा; तिथे तीन प्रकार चालतात आणि पंप त्याला जुळणारा हवा. मागच्या पिशव्यांत मिळून आठ-नऊ किलोपेक्षा जास्त भरू नका आणि त्या जरा मागे सरकवून टांगा, नाहीतर दर फेऱ्याला टाच लागते.

टप्पे. सात दिवस धरा: पासाऊ ते श्लोगेन (सुमारे ४२ किमी), लिंझ (५५), ग्राइन (६०), मेल्क (५०), क्रेम्स (३६), टुल्न (४५), व्हिएन्ना (४०). आकडे थोडे मागेपुढे होतील, कारण वाट बहुतांश दोन्ही काठांनी आहे आणि कोणता काठ धरता त्यावर अंतर ठरतं. श्लोगेनला नदी जवळजवळ उलट वळण घेते. तिथे उत्तर काठाची वाट मध्येच तुटते आणि फेरी पकडावी लागते. फेरीच्या वेळा सांभाळायच्या नसतील तर निडररानाच्या पुलावरून आधीच दक्षिण काठाला या. लिंझच्या पुढे माउटहाउझेनचं नाझी छळछावणीचं स्मारक टेकडीवर आहे. वर जायला चढ आहे आणि आत किमान दोन तास जातात, तेव्हा तो दिवस हलका ठेवा.

मेल्क ते क्रेम्स हा वाखाउचा भाग जागतिक वारसा यादीत आहे. अंतर कमी आहे म्हणून तो पुढच्या टप्प्याला जोडण्याची घाई करू नका. उत्तर काठाला द्राक्षमळे आणि नावाजलेली गावं, त्यासोबत गर्दी. दक्षिण काठ शांत. श्पिट्झपर्यंत एका काठाने जाऊन तिथल्या तारेला जोडलेल्या फेरीबोटीने पलीकडे जा. ही फेरी इंजिनाविना, नुसत्या प्रवाहाच्या जोरावर चालते.

राहणं आणि खाणं. दोघांत एक खोली घेतली तर ‘पेन्सियॉन’ किंवा ‘गास्टहोफ’ला (तिथली छोटी घरगुती हॉटेलं) रात्रीचे ८० ते १२० युरो धरा, नाश्ता बहुधा त्यातच असतो आणि तो पोटभर करावा. तंबूच्या जागेला दोघांचे २० ते ३० युरो. रानात कुठेही तंबू ठोकायला तिथे मनाई आहे. स्वयंपाकाची सोय असलेली युवा वसतिगृहं हा मधला मार्ग.

दुपारचं खाणं सुपरमार्केटातून घेतलं की दिवसाचे दहा-पंधरा युरो वाचतात. मोठी दुकानं रविवारी बंद असतात, म्हणून शनिवारी दुपारीच ब्रेड, चीज, फळं भरून ठेवा. नळाचं पाणी पिण्याचं असतं, बाटल्या विकत घेऊ नका. शाकाहारी असाल आणि अंडं चालत असेल तर केझश्पेट्झले, म्हणजे चीज घातलेल्या अंडं-पिठाच्या गोळ्या, बऱ्याच खानावळींत मिळतात. घरून भडंग, चिवडा, मेतकूट खुशाल न्या. तूप, पनीर, पेढे मात्र नेऊ नका: युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

बिघडतं कुठे? जोरदार पाऊस किंवा वितळणारा बर्फ यामुळे नदी चढते आणि काठाची वाट, विशेषतः पुलांखालची, पाण्याखाली जाते. अडथळा लावलेला दिसला तर तो ओलांडू नका. वळणाची पाटी शोधा किंवा रेल्वे पकडा. लिंझ, मेल्क, क्रेम्स, टुल्न सगळीकडे स्टेशन आहे आणि प्रादेशिक गाड्यांत सायकलचं तिकीट काढून ती चढवता येते. दुसरी अडचण आपल्या सवयीची: वाहतूक उजवीकडून. सरळ रस्त्यावर ते लक्षात राहतं, पण चहाला थांबून पुन्हा निघताना आणि डावीकडे वळताना हमखास विसरतं.

निघण्याआधी महिनाभर दर शनिवार-रविवार लागोपाठ ५० किलोमीटर करा. घाट चढायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी दुखऱ्या अंगाने सीटवर बसायची सवय हवी.

व्हिएन्नात सायकल परत करायचा दिवस विमानाच्या आदल्या दिवशीचा ठेवा आणि तो रविवार नसेल असं पाहा. दुकान किती वाजता बंद होतं ते लेखी मागून घ्या. पासाऊत घेताना काढलेले सायकलचे फोटो तिथे दाखवा, जुन्या ओरखड्यांचे पैसे द्यावे लागणार नाहीत.