दशपर्णी अर्क करायचा तर आधी पानांची ओळख करून घ्या

नाशिकजवळ गिरणारे रस्त्याला आमचा दीड एकराचा मळा आहे. एक एकर टोमॅटो, उरलेल्या वीस गुंठ्यांत वांगी, गिलकी, कारली, मेथी. दशपर्णी अर्क, म्हणजे दहा झाडांचा पाला पिंपात कुजवून केलेलं किडीवरचं फवारणीचं औषध, मी बारा वर्षांपासून घरीच करते. बचत गटातल्या बायका पिंपाजवळ उभ्या राहून कृती लिहून नेतात. कृती सोपी आहे, ती पुढे सांगतेच. पण कुठलं पान किड्याला काय करतं आणि आपल्या हाताला, डोळ्याला काय करतं, हे मला पहिली तीन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. ते कळलं तेव्हा फार घाबरून कळलं, म्हणून आधी तेच सांगते.

आषाढातली गोष्ट. बांधावरचा पांढरा धोतरा कापून, विळ्यानं बारीक करून पिंपात टाकला. दमट हवा, कपाळावरचा घाम सारखा डोळ्यात उतरत होता. तो मी त्याच हातानं पुसला. संध्याकाळी दिवा लावला तर उजेड उजव्या डोळ्यात खुपायला लागला. रात्री औषधाच्या गोळीच्या पाकिटावरची अक्षरं दिसेनात. आरशात पाहिलं तर डाव्या डोळ्याची बाहुली ज्वारीच्या दाण्याएवढी आणि उजव्याची जवळजवळ सगळा डोळा व्यापून बसलेली. दुखत काहीच नव्हतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. मालक रात्रीच नाशिकला घेऊन गेले. एका दवाखान्यात मेंदूत गाठ असेल म्हणून डोक्याचा स्कॅन काढला. त्यात काही निघालं नाही. सकाळी डोळ्यांच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मावशी, काल हातानं काय काम केलंत?"

मी सांगितलं. त्यांनी उजव्या डोळ्यात एक थेंब टाकला. त्या थेंबानं एरवी बाहुली बारीक होते. माझी हललीच नाही. ते म्हणाले, "मेंदूचा प्रकार असता तर हलली असती. तुमच्या धोतऱ्यानं तिथलं कुलूप अडवून ठेवलंय." त्यांनी टाकलेलं औषध पायलोकार्पिन, तेही दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाच्या पानातून मिळतं. चौथ्या दिवशी बाहुली आपोआप जागेवर आली. पण कुलपाचा तो शब्द माझ्या डोक्यात राहिला आणि तेव्हापासून पिंपात काय जातं याचा मी नीट विचार करायला लागले.

झाडाला पळता येत नाही. खाणारा आला तर त्याच्या तोंडातच काहीतरी कडू, झोंबणारं, गरगरवणारं घालणं एवढंच त्याच्या हातात असतं. अशा पदार्थांचा एक मोठा गट म्हणजे अल्कलॉइड. त्यांच्यात नायट्रोजन असतो, बहुतेक चवीला कडू असतात, आणि अगदी थोड्या मात्रेतही काम करतात. चहा-कॉफीतलं कॅफीन, मिऱ्यातलं पायपरिन, तंबाखूतलं निकोटिन, सिंकोनाच्या सालीतलं क्विनीन, अफूतलं मॉर्फिन, हे सगळे एकाच गोतातले. अंगणातल्या सदाफुलीत व्हिन्क्रिस्टिन असतं, तिच्यापासून रक्ताच्या कर्करोगावरचं औषध बनतं. म्हणून साखरेसाठी कुणी रोज सदाफुलीची पानं चावून खात असेल तर त्यांना थांबवा. ते औषध डॉक्टर मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात.

आता कुलपाचं. आपल्या शरीरात एका नसेकडून पुढे निरोप जातो तो एका रसायनाच्या किल्लीनं. ती किल्ली दोन जातींच्या कुलपांत बसते. निकोटिन ही पहिल्या जातीच्या कुलपाची नकली किल्ली आहे. ती उघडत राहते, नस थांबायचं नाव घेत नाही, किडा थरथरून मरतो. किड्याच्या मेंदूत या जातीच्या कुलपांचा भरणा मोठा, म्हणून निकोटिन त्याच्यावर जोरात चालतं. द्राक्षवाले ज्या इमिडाक्लोप्रिडची फवारणी करतात ते याच कुलपावर काम करणारं, कारखान्यात बनवलेलं औषध. धोतऱ्यातले अ‍ॅट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन मात्र दुसऱ्या जातीच्या कुलपात अडकून बसतात आणि खऱ्या किल्लीला येऊ देत नाहीत. ही कुलपं आपल्या अंगात सगळीकडे आहेत: डोळ्याची बाहुली, लाळ, घाम, हृदय, आतडी, लघवीची पिशवी. किड्याचं या कुलपांवाचून तेवढं अडत नाही.

याचा अर्थ लक्षात घ्या. पिंपातला धोतरा माव्यासारख्या किडीपेक्षा तुमच्यावर जास्त चालतो. त्या वर्षापासून माझ्या अर्कात धोतरा नाही. कीड आवरण्यात मला काहीच फरक पडलेला दिसला नाही.

आता कृती. दोनशे लिटरचं प्लॅस्टिकचं पिंप घ्या, लोखंडी नको. ते सावलीत ठेवा, जिथं गाय किंवा शेळी तोंड घालणार नाही आणि लेकरं खेळायला येणार नाहीत. कडुनिंबाचा पाला पाच किलो. बाकीचे प्रत्येकी दोन किलो: निर्गुडी, करंज, सीताफळ, पपई, गुळवेल, एरंड, रुई, घाणेरी. कृतीत दहावा लाल कण्हेर सांगतात, आणि गुळवेल नसेल तिथं धोतरा. सोबत दोन किलो हिरव्या मिरचीचा ठेचा, पाव किलो लसूण, तीन किलो गावरान गाईचं शेण, पाच लिटर गोमूत्र. पाणी घालून पिंप भरायचं, वर गोणपाट बांधायचं. रोज तीन वेळा काठीनं ढवळायचं, तीस दिवस. वास उग्र येतो, फेस येतो, तो येऊ द्या.

या यादीतलं सगळंच अल्कलॉइड नव्हे. कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन वेगळ्या कुळातलं. अळीची भूक मारतं, कात टाकण्याचं तिचं चक्र बिघडवतं, म्हणून परिणाम दिसायला चार-पाच दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली म्हणून हिरमुसू नका, ती खाते आहे का ते बघा. पपईच्या पानात कार्पेन, एरंडाच्या पानात रिसिनिन, गुळवेलीत बर्बेरिन, ही अल्कलॉइडं. एरंडाच्या बियांत मात्र रिसिन नावाचं भयंकर विषारी प्रथिन असतं, म्हणून पानंच घ्या, बोंडं चुकूनही नकोत. सीताफळाच्या बियाही नकोत. त्यांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. डोक्यातल्या उवांसाठी ती पूड लावायची जुनी रीत आहे, ती आता सोडून द्या.

रुई आणि कण्हेर हृदयावर जाणारी विषं आहेत. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा लाल होतो, दिसणं अंधुक होतं. रुई मी ठेवली, पण डोळ्यांवर चष्मा लावूनच कापते. कण्हेर पूर्ण वगळला. माझ्या मेथीवर कण्हेराचं पाणी पडावं आणि ती मेथी कुणाच्या तरी ताटात जावी, हे मला पटत नाही. कुणी म्हणेल, मग दशपर्णी कसली, नऊच पानं झाली. होऊ द्यात नऊ.

मिरचीचं मात्र कौतुक करावंसं वाटतं. तिच्यातलं कॅप्सेसिन आपल्या जिभेवरच्या उष्णतेच्या जाणिवेला फसवतं, भाजलं नसताना भाजल्यासारखं वाटतं. पक्ष्यांना ती जाणीवच होत नाही. आमच्या मिरचीच्या सरीवर पोपट सकाळी सकाळी लाल मिरच्या फोडून खातात आणि बिया दूरवर टाकून येतात. झाडाला तेच हवं असतं. गाय त्याच मिरचीला हुंगून मागे सरते. ठेचा केल्यावर हात चुरचुरले तर आधी खोबरेल चोळा, मग साबण लावा. नुसत्या पाण्यानं मिरची जात नाही, कारण ती तेलात विरघळते.

आता तंबाखू. आमच्या भागात बरेच जण पिंपात अर्धा किलो तंबाखू टाकतात. मी टाकत नाही आणि कुणाला टाकू देत नाही. निकोटिन कातडीतून आत शिरतं. ओली तंबाखूची पानं तोडणाऱ्या मजुरांना त्यामुळेच मळमळ, उलट्या, चक्कर येते. तंबाखूला चुना लावून मळतात त्यामागंही हेच आहे: चुन्यानं निकोटिन मोकळं होतं आणि तोंडातून पटकन रक्तात जातं. शेण, जुनं गोमूत्र, चुनकट पाणी अशा क्षारयुक्त मिश्रणात ते असंच मोकळं होतं, आणि आपण ते पाठीवर घेऊन फिरतो. निकोटिन सल्फेट हे जुनं कीटकनाशक भारतात वापरायला बंदी आहे, ती उगाच नाही. टोमॅटोवाल्यांना तर आणखी एक कारण आहे. तंबाखू आणि टोमॅटो एकाच घराण्यातले. तंबाखूचा मोझॅक विषाणू विडीच्या, गायछापच्या कोरड्या चुऱ्यातही टिकून राहतो आणि हातावाटे रोपांवर जातो. रोपवाटिकेत काम करणाऱ्या माणसाला मी आधी साबणानं हात धुवायला लावते, मग ट्रेला हात लावू देते. आणि पानं खाणारी स्पोडोप्टेराची अळी? ती तंबाखूच्याच पानांवर पोसते. तिला निकोटिनची भीती काय घालणार?

नावात फसू नका. पिवळा धोतरा म्हणतात तो काटेरी, पिवळ्या फुलांचा, मोडल्यावर पिवळा चीक येणारा. तो धोतऱ्याचा नातलग नाही. त्याच्या बियांत सँग्विनारिन असतं. मोहरीच्या तेलात त्याचं तेल मिसळल्यामुळे १९९८ मध्ये दिल्लीत अनेकांच्या अंगाला सूज आली, माणसं दगावली. तोही पिंपात नको.

तीस दिवसांनी जाड फडक्यातून दोनदा गाळा, नाहीतर नोझल तुंबतं आणि ते तुम्ही तोंडानं फुंकता. कधीच फुंकू नका, दाभण किंवा जुना ब्रश ठेवा. एकरी दोनशे लिटर पाण्यात पाच लिटर अर्क, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला साधारण चारशे मिली. आधी चार-पाच झाडांवर मारून दोन दिवस थांबा. पाला कुठल्या महिन्यात तोडला, कोवळा होता की जून, यावर अर्काचा जोर बदलतो, त्यामुळे मागच्या वर्षीचं माप डोळे झाकून वापरू नका. कोवळी पानं करपली तर अर्क निम्म्यावर आणा. फवारणी संध्याकाळीच करा. मधमाश्या परतलेल्या असतात, आणि कडुनिंबाचा गुण उन्हात लवकर जातो. मावा, तुडतुडे, फुलकिडे, लहान अळ्या यांवर चांगला उपयोग होतो. फळात शिरलेल्या अळीवर होत नाही, ती फळं तोडून पुरायचीच. पालेभाजीवर मी फवारणीनंतर आठ दिवस तोडणी करत नाही.

पाला कापताना आणि फवारताना रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, डोळ्यांवर चष्मा. घाम पुसायला खांद्यावर वेगळा पंचा ठेवा, हात डोळ्याकडे न्यायचाच नाही. विळा, पाटा, बादली वेगळी, स्वयंपाकघरात परत येणार नाही अशी.

आता बांधावरच्या धोतऱ्याचं. महाशिवरात्रीला, श्रावणी सोमवारी नाशिकच्या रामकुंडाच्या बाजूला, कपालेश्वराच्या पायऱ्यांपाशी धोतऱ्याची फुलं आणि काटेरी फळं विकायला येतात. पूजा झाल्यावर ती फळं घरी लेकरांच्या हातात राहतात. बोंड फुटलं की आतल्या बारीक तपकिरी बिया मिरचीच्या बियांसारख्या दिसतात. त्या खाल्ल्या तर तोंड कोरडं पडतं, अंग तापून लाल होतं, बाहुल्या मोठ्या होतात, लघवी अडते, मूल असंबद्ध बोलायला लागतं, हवेत नसलेल्या वस्तू पकडायला जातं. उलटी काढायला मीठपाणी, ताक, लिंबू काही पाजू नका. १०८ ला फोन करा किंवा गाडीत घाला, आणि खाल्लेलं फळ, पान पिशवीत सोबत न्या. डॉक्टरांचा निम्मा वेळ त्यानं वाचतो.

याच अ‍ॅट्रोपिनला मी वाईट म्हणू शकत नाही. शेतातलं कीटकनाशक पोटात गेलेला माणूस दवाखान्यात नेतात तेव्हा तोंडातून फेस येत असतो, छाती पाण्यानं भरलेली असते. ऑरगॅनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकांनी अंगात त्या किल्ल्यांचा नुसता पूर आलेला असतो. तेव्हा त्याला सुईवाटे अ‍ॅट्रोपिनच देतात, छाती कोरडी होईपर्यंत पुन्हा पुन्हा. आमच्या वस्तीतला एक पोरगा त्यानं वाचला, आज त्याचं टोमॅटोचं पीक माझ्यापेक्षा चांगलं आहे.

गाळून राहिलेला चोथा शेणखताच्या उकिरड्यावर टाकू नका, तिथं जनावरं तोंड घालतात. घाणेरीनं जनावराचं यकृत बिघडतं, उन्हात कातडी सोलते, आणि आंबलेल्या पाल्यात तिचा वास ओळखू येत नाही. मी आंब्याच्या बुंध्यापासून दूर, हातभर खड्डा करून पुरते. अर्क पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच भरू नका. माझ्याकडे दोन निळे कॅन आहेत, त्यांवर लाल ऑइलपेंटनं "फवारणीचं, पिऊ नये" लिहिलंय आणि महिना टाकलाय. ते पंपाच्या खोलीत वरच्या फळीवर असतात, खोलीला कुलूप आणि किल्ली माझ्या कमरेला.