रायटिंग सेंटरच्या पहिल्या शिफ्टआधी

रायटिंग सेंटर म्हणजे कॉलेजमधली अशी जागा, जिथे विद्यार्थीच ट्यूटर होऊन इतर विद्यार्थ्यांना लेखनात मदत करतात. ट्यूटरच्या कामाच्या अर्जासोबत स्वतःच्या लेखनाचा नमुना मागतात, बहुतेक ठिकाणी पाच-दहा पानांचा. सगळ्यात जास्त मार्क मिळालेला निबंधच पाठवावासा वाटतो. त्यापेक्षा ज्यात कुठे काय फसलंय हे तुम्हाला नेमकं सांगता येईल तो पाठवा, कारण ‘हाच पुन्हा लिहायचा झाला तर काय बदलाल?’ हा प्रश्न मुलाखतीत येतोच. शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना किमान दोन आठवडे आधी सांगून ठेवा. मार्कशीट आणि रिझ्युमे हे काय, एका संध्याकाळचं काम.

मुलाखतीत लुटुपुटूचं सेशनही घेतात आणि समोरचा मुद्दाम गप्प बसतो. प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजायची सवय आधीच करा. तिसऱ्या सेकंदाला आपणच उत्तर देऊन मोकळं व्हायचं, ही नवख्यांची ठरलेली चूक.

शिफ्ट निवडताना स्वतःच्या परीक्षांचं वेळापत्रक शेजारी ठेवा. सेंटरमध्ये गर्दी होते ती नेमकी सत्राच्या मध्याला आणि शेवटी, म्हणजे तुमचाही अभ्यास अंगावर आलेला असतो तेव्हा. लेक्चर संपल्या संपल्या शिफ्ट घेऊ नका, मध्ये पंधरा मिनिटं तरी हवीत.

सेशनचा आराखडा डोक्यात पक्का हवा. पंचेचाळीस मिनिटं असतील तर पहिल्या पाचात तीन गोष्टी विचारायच्या: असाइनमेंटचा कागद कुठाय, द्यायचंय कधी, आणि आज नेमकं काय बघायचंय. असाइनमेंट न वाचता ड्राफ्टला हात घातला, की अर्ध्या तासाने कळतं की प्रश्न तुलनेचा होता आणि लिहिलाय सारांश. मग ड्राफ्ट ज्याचा त्यालाच मोठ्याने वाचू द्या. जिथे तो अडखळतो तिथे बहुतेक वेळा वाक्यही अडखळलेलं असतं. आधी मुद्दा आणि मांडणी, व्याकरण नंतर. तेही सगळं नाही, वारंवार होणाऱ्या एक-दोन चुकाच घ्यायच्या. एक दाखवायची, पुढची त्याला शोधायला लावायची. शेवटची पाच मिनिटं त्याने स्वतःच्या हाताने पुढची कामं लिहून काढण्यासाठी.

पेन तुमच्या हातात असता कामा नये. ऑनलाइन सेशनला हेच वेगळ्या रूपात येतं: फाइल एडिट मोडमध्ये उघडली की बोटं आपोआप दुरुस्त्या करत सुटतात, म्हणून आधीच कमेंट मोड लावा. गणितात मदत करायला बसलात तर गृहपाठातलं उदाहरण सोडवून द्यायचंच नाही. विद्यार्थ्याला क्ष² + ७क्ष + १२ = ० अडलंय, तर तुम्ही क्ष² + ५क्ष + ६ = ० घ्या. गुणाकार ६ आणि बेरीज ५ येणाऱ्या संख्या त्यालाच शोधू द्या, मग त्याच्या उदाहरणाकडे वळा.

‘याला किती मार्क पडतील?’ असं विचारलं तर अंदाजसुद्धा सांगू नका. तो चुकला की तक्रार प्राध्यापकांकडे जाते आणि तिथून सेंटरकडे.

सेशनची नोंद त्याच दिवशी, तीन-चार ओळींत. तासांचा हिशेबही पहिल्या दिवसापासून ठेवा. सीआरएलए (कॉलेज रीडिंग अँड लर्निंग असोसिएशन) या संस्थेच्या ट्यूटरसाठीच्या पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्राला किमान १० तासांचं प्रशिक्षण आणि २५ तास प्रत्यक्ष शिकवणं लागतं, आणि सत्र संपल्यावर हे तास आठवून भरता येत नाहीत.