डोंगरावरच्या गावात उन्हाळ्यात पब्लिक पूलला जायचंय? आधी हे वाचा

सगळ्यात आधी टायमिंग बघा. उंचावर उन्हाळ्यातही रात्री गार असतात, त्यामुळे हीटर नसलेल्या उघड्या पूलचं पाणी सकाळी सातला अक्षरशः झोंबतं, आणि दुपार कलली की डोंगरात ढग जमून कधीही गडगडायला लागतं, म्हणजे पोहायला खरी चांगली वेळ साधारण साडेदहा ते दीड. मी तरी त्याच वेळेत जाते. निघायच्या आधी फोन करून पाण्याचं टेंपरेचर विचारा, लाजू नका. २७ डिग्रीच्या आसपास असेल तर मस्त पोहता येतं, २० च्या खाली असेल तर लहान मुलांना थोडाच वेळ पाण्यात ठेवा, कुडकुडायला लागली की लगेच बाहेर, "अजून पाच मिनिटं" ऐकायचंच नाही.

आणि गार पाण्यात थेट उडी नको. अंगाला एकदम गारठा लागला की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर अवघड होतं. शिडीने उतरा, आधी तोंडावर, मानेवर पाणी मारून घ्या.

आता ऊन. हवा गार असते ना, म्हणून भाजतंय हे कळतच नाही, संध्याकाळी खांदे लालभडक झाले की मग समजतं. दर १००० मीटरला अल्ट्राव्हायोलेट किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात, आणि पातळ ढगांतूनही ती येतातच. एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन पाण्यात उतरायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी परत, आणि टॉवेलने अंग पुसलं की तेव्हाही परत. कानाच्या पाळ्या सगळेच विसरतात. मुलांना फुल बाह्यांचा स्विमसूट घाला, निम्मी काळजी मिटते.

दमाचं मात्र मनावर घ्या. २००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ २० टक्के कमी असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी. पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्म्याच लॅप मारा, मध्ये कडेला थांबा. पाण्याखाली श्वास रोखायची शर्यत तर कुठेच लावू नका, माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध होतो.

पूलमध्ये जायच्या आधी साबण लावून शॉवर घ्या प्लीज. डोळे चुरचुरतात ते बहुतेक वेळा क्लोरीन जास्त झालं म्हणून नाही, आपला घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळून जे तयार होतं त्याने.

टॉवेल लॉकरमध्ये नको, काठावर हाताशी ठेवा. हवा कोरडी असल्यामुळे अंगावरचं पाणी भराभर उडतं आणि बाहेर आल्या आल्या हुडहुडी भरते. पाण्याची बाटलीपण तिथेच ठेवा, पोहताना घाम कळत नाही.

आणि गडगडाट ऐकू आला की लाईफगार्डच्या शिट्टीची वाट न बघता बाहेर पडा, इमारतीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण ३० मिनिटं परत उतरायचं नाही, तेवढ्या वेळात मुलांचे ओले कपडे बदलून घ्या.