वॉरंट असलेला नेता परदेशी निघाला, तर अटक होईल का? असं तपासा

आधी वॉरंट कोणाचं ते पाहा. हेगमध्ये दोन न्यायालयं आहेत आणि बातम्यांत त्यांची सर्रास सरमिसळ होते. आंतरराष्ट्रीय न्यायालय देशादेशांतले तंटे ऐकतं. माणसावर वॉरंट काढतं ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. पुतिन यांच्यावर ते १७ मार्च २०२३ रोजी निघालं, नेतान्याहू यांच्यावर २१ नोव्हेंबर २०२४ रोजी.

मग यजमान देश रोम कराराचा, म्हणजे हे फौजदारी न्यायालय ज्याने उभं राहिलं त्या कराराचा, सदस्य आहे का ते बघा. नुसती सही पुरत नाही, अनुमोदन, म्हणजे देशाने करार औपचारिकपणे स्वीकारणं, लागतं. किर्गिझस्तानची सही आहे, अनुमोदन नाही. अमेरिका, चीन, भारत सदस्यच नाहीत, म्हणून २०२५ मध्ये पुतिन अलास्कात आणि दिल्लीत निर्धास्त उतरले. 'आम्ही बाहेर पडतोय' या घोषणेलाही फसू नका: लेखी सूचनेनंतर वर्ष जावं लागतं. एप्रिल २०२५ मध्ये नेतान्याहू हंगेरीत आले त्याच दिवशी तिथल्या सरकारने ही घोषणा केली. अटकेचं बंधन मात्र कायम होतं.

खरी मेख पुढे आहे. न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस नाहीत, बेड्या यजमानानेच घालायच्या. त्यामुळे तिथल्या देशी कायद्यात अटकेची तरतूद आहे का आणि कोणी कोर्टात धाव घेईल का, हे शोधा. जून २०१५ मध्ये सुदानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बशीर दक्षिण आफ्रिकेत होते; त्यांच्यावरही याच न्यायालयाचं वॉरंट होतं. त्यांना देश सोडू देऊ नका, असा प्रिटोरियाच्या कोर्टाचा आदेश असतानाही त्यांचं विमान वॉटरक्लूफच्या लष्करी तळावरून उडालं. पुढच्या वर्षी तिथल्या अपील न्यायालयाने सरकारचं हे वागणंच बेकायदा ठरवलं. ऑगस्ट २०२३ च्या जोहान्सबर्गमधल्या ब्रिक्स परिषदेत पुतिन पडद्यावरच दिसले, त्यामागे ही पार्श्वभूमी होती. मंगोलिया सदस्य असूनही सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांना तिथे मानवंदना मिळाली. पुढच्या महिन्यात फौजदारी न्यायालयाने मंगोलियाने केलेल्या करारभंगाची नोंद करून प्रकरण सदस्य देशांच्या सभेकडे धाडलं. दंड वगैरे काही नाही!

'राष्ट्रप्रमुखाला संरक्षण असतं' हा युक्तिवाद हमखास येतो. बशीर यांना अटक न करणाऱ्या जॉर्डनच्या प्रकरणात याच न्यायालयाच्या अपील पीठाने तो ६ मे २०१९ रोजी फेटाळला आहे, तरी सरकारं तो पुढे करतातच.

विमानाचा मार्गही नकाशावर बघा. तातडीने उतरावं लागलं तर खालचा देश कोणता, हा प्रश्न असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कला जाताना नेतान्याहूंचं विमान फ्रान्स टाळून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवरून गेलं.

शेवटी, खुर्ची शाबूत आहे का? फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांना ११ मार्च २०२५ रोजी मनिलाच्या विमानतळावर त्यांच्याच देशाच्या पोलिसांनी पकडलं. फिलिपिन्स तर २०१९ मध्येच करारातून बाहेर पडला होता.