एपिरस फिरायचंय? मग आधी गाडीचं बघा

ग्रीस म्हटलं की सगळे बेटांकडे पळतात, पण वायव्येला डोंगरात एपिरस आहे तो मला तरी जास्त भारी वाटतो. मुक्काम योआनिनाला टाका, तलावाकाठचं शहर आहे, आधी किल्ला बघा आणि मग बोटीने तलावातल्या बेटावर जा, तिथल्याच मठात १८२२ मध्ये अली पाशाला (ऑटोमन काळातला इथला सत्ताधीश) मारलं, आता त्याचं म्युझियम आहे.

योआनिनाच्या उत्तरेला डोंगरात झागोरीची गावं आहेत, ती मात्र घाईत उरकू नका, निदान दोन रात्री तिकडेच काढा. २०२३ पासून वर्ल्ड हेरिटेज आहे. बस फार कमी, म्हणून गाडी रेंट करा (भारतीय लायसन्ससोबत इंटरनॅशनल परमिट हवंच) आणि शक्यतो छोटीच घ्या, रस्ते वळणावळणाचे आहेत. घरं राखाडी दगडाची, छपरावरसुद्धा कौलं नाहीत, दगडाच्या पातळ फरश्याच. किपी गावाजवळ १७५० चा कोक्कोरोस पूल, एकाच कमानीचा, दोन्हीकडे उभे कडे. मोनोदेंद्री गावाच्या वर ओक्सिया व्ह्यूपॉइंटला गेलात की विकोसची दरी एकदम पायाखाली येते, लहान मुलं असतील तर हात सोडू नका. पापिंगो गावाजवळच्या खडकातल्या नैसर्गिक कुंडांत पोहायचं असेल तर कपडे ठेवा, पाणी उन्हाळ्यातही गारठवतं.

मे-जून किंवा सप्टेंबर बेस्ट, हिवाळ्यात बर्फ पडतो.

परतताना दोदोना हे प्राचीन देवस्थान करा. प्राचीन थिएटर आहेच, पण तिथले पुजारी ओकच्या पानांच्या सळसळीवरून देवाचा कौल सांगायचे म्हणे!