सिग्नलला गाडी थरथरते, बंद पडायला बघते? पार्ट बदलायच्या आधी हे करून बघा

पुण्यात नळस्टॉपच्या सिग्नलला उभा होतो, एसी चालू, आणि आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा ८०० वरून ६००, मग ५००, स्टिअरिंग थरथरायला लागलं, डॅशबोर्ड कडकड वाजायला लागला, शेवटी हँडब्रेक ओढला आणि हिरवा लागेपर्यंत रेस देत बसलो. मागे पीएमपीची बस. ज्याने भोगलंय त्याला कळेल.

माझी गाडी २००९ ची, पेट्रोल, चार सिलिंडर. गॅरेजवाल्याने आधी प्लग बदलले, मग एक कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी) बदलली, मग म्हणाला इंजिनाला पेट्रोल देणारा पंप गेलाय. प्रत्येक वेळी दोन दिवस बरं वाटायचं आणि परत तेच. पंपाचा खर्च ऐकून मी थांबलो आणि आमच्या सोसायटीतल्या एका काकांना गाडी दाखवली, आयुष्यभर इंजिनातच हात घातलेला माणूस. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. म्हणाले, "आधी सांग, कधी होतं? गार असताना की गरम झाल्यावर? एसी लावल्यावर की नसतानाही? ब्रेक दाबल्यावर? पेट्रोल भरल्यावर?" मला एकाचंही उत्तर देता येईना. काका म्हणाले, "मग आठ दिवस लिहून ठेव आणि ये."

तर पहिलं काम तेच. मोबाईलमध्ये नोंद करा. हे फालतू वाटतं पण अर्धं निदान इथेच होतं. फक्त एसी लावल्यावर किंवा पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर काटा पडतो, तर इंजिनावर लोड आल्यावर जी जास्तीची हवा मिळायला हवी ती मिळत नाहीये, म्हणजे थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग) नाहीतर आयडल व्हॉल्व्ह (रेस दिलेली नसताना लागेल तेवढी हवा सोडणारा) घाण झालाय. ब्रेक दाबला की होतं आणि पेडल कडक लागतं, तर ब्रेक बूस्टर (पेडल हलकं करणारा डबा) किंवा त्याचा होज (रबरी पाइप) बघा. टाकी फुल केल्यावर पहिली दहा मिनिटं होतं, तर पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला असू शकतो, टाकीतली वाफ नको तेव्हा इंजिनात जाते. सकाळी गार असताना रडते आणि गरम झाल्यावर सुतासारखी सरळ, तर कूलंट टेंपरेचर सेन्सरवर (इंजिन किती गरम आहे ते सांगणारा) संशय घ्यायला हरकत नाही. आणि काटा एका जागी स्थिर आहे पण गाडी मात्र हलतेय, तर आयडलिंगचा (रेस न देता इंजिन चालू राहण्याचा) प्रॉब्लेमच नाही, इंजिनाचं माउंटिंग गेलंय, खालून रबर फाटलेलं दिसतं. यात लोक प्लगवर पैसे घालवतात.

आता हवा. जुन्या गाडीत मी नेहमी इथूनच सुरू करतो कारण फुकट आहे. एअर फिल्टर काढून उजेडाकडे धरा, सिंहगड रोडच्या खोदाईत रोज फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर तुमच्या अंदाजापेक्षा लवकर बुजतो. मग थ्रॉटल बॉडीचा पाइप काढा, आतली पितळी-चंदेरी चकती दिसते, तिच्या कडेला काळं चिकट कडं असेल तर बंद असताना जी केसाएवढी फट हवी तीच बुजलीय. थ्रॉटल बॉडी क्लीनर मिळतो, तो फडक्यावर मारा आणि फडक्याने पुसा, सॅंडपेपर किंवा पेचकसने खरवडू नका. केबलवाली असेल तर चकती हाताने उघडता येते, पण इलेक्ट्रॉनिक असेल तर चावी चालू असताना बोट घालायचं नाही आणि चावी बंद असतानाही जोर लावून ढकलायची नाही. साफ केल्यावर आयडलिंग थोडा वेळ जास्त राहतं, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सवय बदलायला वेळ घेतो, घाबरून जाऊ नका. काही गाड्यांत स्कॅनर (ईसीयूतले कोड वाचणारं यंत्र) लावून आयडल लर्न, म्हणजे ही नवी सवय शिकवून घ्यावी लागते.

एक सांगतो, कोणी रेसचा स्क्रू फिरवून आरपीएम वाढवून देतो म्हणाला तर नको म्हणा. आजार तसाच राहतो, नुसता ताप उतरल्यासारखा दिसतो आणि पुढे निदान करणाऱ्याला काहीच कळत नाही.

माझ्या गाडीत सापडलं ते हवेतच. आठ दिवसांच्या नोंदीत एकच गोष्ट होती, इंजिन पूर्ण गरम झाल्याशिवाय कधीच झालं नाही, आणि झालं की काटा आधी ७०० ते १२०० झोके खायचा आणि मग पडायचा. काकांनी गाडी अर्धा तास चालू ठेवली, मग कान खाली नेला, आणि इंजिनाच्या वरच्या झाकणापासून (व्हॉल्व्ह कव्हर) इनटेककडे, म्हणजे इंजिनात हवा जाते तिकडे, जाणारा बोटभर जाडीचा रबरी पाइप खालच्या बाजूने चिमटीत धरला. झोके थांबले. सोडला, परत सुरू. तोच पीसीव्हीचा होज (इंजिनाच्या आतली वाफ परत जाळायला नेणारा), वरून एकदम धडधाकट, खालून वाकणाच्या जागी दोन इंचाची चीर, गार असताना मिटलेली आणि रबर गरम होऊन मऊ पडलं की उघडणारी. तीन महिने आणि दोन पार्ट त्या चिरेपायी. नाना पेठेत गेलो तर दुकानदाराने मॉडेल विचारलंच नाही, "सॅम्पल आणलंय का?" एवढंच, जुना पाइप हातात घेतला, वाकवला, मागून दुसरा काढून दिला. २२० रुपये आणि दोन क्लिपा वेगळ्या. तेव्हा पार्ट आणायला जाताना जुना घेऊनच जा.

लीक शोधायला काही जण कार्ब क्लीनरचा स्प्रे इनटेकच्या आजूबाजूला मारतात आणि आरपीएम बदलतो का बघतात. चालतं, पण तो पेटतो, आणि शेजारीच तापलेला एक्झॉस्ट असतो, मी करत नाही. साधी पाण्याची स्प्रे बाटली घ्या, होजच्या जोडांवर बारीक फवारा मारा, लीक असेल तर क्षणभर आवाज बदलतो. कॉइल आणि वायरिंगवर मात्र मारू नका. ब्रेक बूस्टर तपासायचा तर इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, दाबून धरा आणि स्टार्ट मारा, पेडल थोडं खाली गेलं पाहिजे.

मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं) असेल तर ठेका बिघडलेला असतो, सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला की फट-फट-थांब-फट जाणवतं. कुठला सिलिंडर मेलाय ते बघायला चालू इंजिनात इंजेक्टरचा (सिलिंडरला पेट्रोल फवारणाऱ्या पार्टचा) कनेक्टर एकेक काढून बघा, ज्याचा काढल्यावर काहीच फरक पडत नाही तो आळशी. प्लगची वायर उपटून बघायची जुनी पद्धत सोडा, शॉक बसतो आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. मग त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्याला लावा. मिसिंग कॉइलबरोबर गेलं तर कॉइल, नाही गेलं तर प्लग, इंजेक्टर किंवा आतलं काही. प्लग काढलाच आहे तर तोंड बघा, फिकट तपकिरी ठीक, कोरडं काळं म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट म्हणजे ऑइल येतंय. पावसाळ्यात प्लगच्या खड्ड्यात पाणी, आणि पार्किंगमध्ये उंदीर, हे दोन्ही बघून घ्या. आमच्या इथे उंदरांनी एका शेजाऱ्याचं सेन्सरचं वायरिंग दोनदा खाल्लंय.

पीयूसीची स्लिप फेकू नका. ती आयडलिंगला काढतात आणि त्यावर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल) छापलेलं असतं, शेजारी मर्यादाही. सीओ वाढलेलं म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. सीओ कमी आणि एचसी वाढलेलं म्हणजे कुठेतरी जळतच नाहीये, मिसिंग किंवा जास्तीची हवा. माझ्या स्लिपवर एचसी आधीच्या दुप्पट होतं, गाडी पास झाली म्हणून मी वाचलंच नव्हतं.

स्कॅनरबद्दल, २०१३ नंतरच्या गाड्यांना स्वस्तातला ब्लूटूथवाला चालतो, त्याआधीच्या गाडीत भरवसा नाही. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या त्या सिलिंडरचं मिसिंग, पी०१७१ म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त, पी०५०५ म्हणजे आयडल कंट्रोल. कोड म्हणजे पत्ता, पार्टची ऑर्डर नव्हे. पी०१७१ आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणारे मी पाहिलेत, तो बिचारा खरं सांगत असतो.

बॅटरीही बघा, इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट. अल्टरनेटर कमी पडला की एसी आणि हेडलाइट लावल्यावर सगळंच दमतं.

हल्ली काहीही झालं की ई२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) शिव्या. इथेनॉलमध्ये उष्णता कमी असते आणि ते पाणी ओढून घेतं हे खरंय, जुन्या रबरालाही ते मानवत नाही, त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर शंका रास्त आहे. पण रोज चालणारी गाडी फक्त सिग्नलला थरथरत असेल तर आधी वरचं सगळं करा. गाडीतल्या पेट्रोलच्या पंपावर संशय घ्यायचा तो फ्युएल प्रेशर गेज (पेट्रोलचा दाब मोजणारं मीटर) लावूनच. गेज न लावता पंप गेलाय म्हणणाऱ्याला विचारा, प्रेशर किती आलं?

सीएनजीवाल्यांनी एक बघा, पेट्रोलवर टाकल्यावर सुधारते का. सुधारली तर किटचं ट्यूनिंग, नोझल किंवा त्याचा फिल्टर. दोन्हीवर तशीच असेल आणि गाडी बरीच पळालेली असेल तर टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या पार्टमधला गॅप) तपासा, सीएनजीवर व्हॉल्व्हच्या सीट झिजून गॅप कमी होत जातो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. त्यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते बघणं. चारपैकी एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली आला तर मग हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवायची बोलणी सुरू करा, त्याआधी नाही.